मदत हवी आहे: जिप्सीचं क्रूझ कंट्रोल घाटात सुटतंय

मंडळी, साताऱ्यात राहतो. जिप्सीत जुन्या बलेनोचं १.६ इंजिन बसवलंय (आरसीवर नोंद आहे, त्यावरून सुरू होऊ नका). थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) केबलचा, म्हणून इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारं जुनं क्रूझ किट (पाय न ठेवता वेग कायम राखणारं) लावलं. स्पीडोमीटरही केबलचा, सिग्नल कुठून मिळणार? शेवटी प्रोपेलर शाफ्टला (चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) दोन चुंबकं चिकटवली आणि शेजारी सेन्सर.

आधी तर सेटच होईना. तीन रविवार वायरी तपासल्या आणि दोष निघाला मागच्या एलईडी बल्बांत! क्रूझच्या मॉड्यूलला ब्रेकच्या वायरीवर बल्बमधून अर्थिंग मिळावं लागतं. साधे बल्ब लावले, लगेच पकडलं.

आता कराडपर्यंत ८० वर झकास चालतं. पण पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलो की वेग ६५ वर येतो आणि क्रूझ सुटतं. चढाला थ्रॉटल जास्त उघडला की मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम पडतो, एवढं कळतं. नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा जाऊ देणारा) आहे, व्हॅक्यूम साठवायला टाकी नाही. मिस्त्री म्हणतो, “काढून टाका की, पाय आहे ना!”

व्हॅक्यूमची छोटी टाकी कुणी लावली आहे का? किती लिटरची? आणि क्लच स्विच अजून नाही, क्लच दाबला की इंजिन बोंबलतं. तो कुठे जोडू?