घरच्या संगणकासाठी अँटीव्हायरस: तुम्ही कोणता निवडला आणि काय पाहून?

फोंड्याहून, धाग्याची सुरुवात

चतुर्थीच्या आसपास आमच्या घरच्या संगणकावरील अँटीव्हायरसची वर्षाची मुदत संपते आणि मी निमूटपणे पैसे भरून मोकळा होतो. यंदा मुलीने विचारले, "बाबा, विंडोजमध्येच डिफेंडर आहे ना, मग हे कशाला?" विंडोज ८ आले त्या २०१२ सालापासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजसोबतच मिळतो हे मला ठाऊक होते, तरीही तिला सांगायला माझ्याकडे सवयीखेरीज दुसरे कारण सापडले नाही. सर्वांत चांगला कोणता, याच्या याद्या हव्या तितक्या मिळतात. मला जाणून घ्यायचे आहे ते असे की तुमच्या घरात संगणक कोण वापरतो, त्यात फायली कुठून येतात, आणि त्यावरून तुम्ही काय ठरवले. ज्या कंपनीचा किंवा दुकानाचा वाईट अनुभव आला असेल, तिचे नाव मात्र कृपया लिहू नये.

म्हापसा, निवृत्त शिक्षिका

आमच्या घरात फायली येतात आणि जातात त्या पेन ड्राइव्हवरून. गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकाची संहिता मी संगणकावर उतरवते आणि नटांच्या व प्रॉम्प्टरच्या प्रती झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणते. काही वर्षांपूर्वी अशाच एका फेरीनंतर पेन ड्राइव्हवरील सगळ्या फोल्डरांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसू लागले, आणि प्रयोग चार दिवसांवर आलेला असताना दुसरा अंक गेला असे समजून मी रडकुंडीला आले. प्रत्यक्षात काहीच गेलेले नव्हते. हा व्हायरस मूळ फोल्डर लपवून ठेवतो, त्याच्या जागी शॉर्टकट मांडतो, आणि आपण त्यावर टिचकी मारली की स्वतः चालू होतो, हे भाच्याने येऊन दाखवले आणि लपलेले फोल्डर पाच मिनिटांत बाहेर काढून दिले. तेव्हापासून पेन ड्राइव्ह लावताक्षणी तपासणी झाली पाहिजे, ही माझी एकमेव अट आहे. पुण्याच्या क्विक हीलमध्ये ती सोय असल्यामुळे आणि आमचा दुकानदार तो घरी येऊन बसवून देत असल्यामुळे मी तो घेतला.

त्याआधी वापरलेल्या एका अँटीव्हायरसने माझे युनिकोडपूर्व काळातील मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअरच धोकादायक ठरवून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फायली कोंडून ठेवण्याच्या जागेत, टाकले होते, आणि त्यामुळे जुन्या सगळ्या संहिता निरर्थक चिन्हांसारख्या दिसू लागल्या होत्या. क्वारंटाइनमधील फाईल परत आणता येते आणि अपवादांच्या यादीत घालता येते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मात्र त्या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरची प्रत कोणीतरी कुलूप तोडून दिलेली, म्हणजे विनापरवाना, होती हेही मान्य केले पाहिजे, त्यामुळे त्या अँटीव्हायरसचे चुकले की माझे, याचा निवाडा मी अजून केलेला नाही.

पेडणे

आमच्या घरी विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्सवरची मोफत प्रणाली आहे. अँटीव्हायरस घेतलेला नाही आणि आजवर गरजही पडलेली नाही. अर्थात मुलाला हवे असलेले खेळ त्यावर चालत नाहीत ही त्याची तक्रार कायम आहे.

पणजी, हिशेबनीस

मला आकडे पाहिल्याशिवाय खरेदी करवत नाही. जर्मनीतील माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्थांचे चाचणी-अहवाल मी वाचते. एव्ही-टेस्ट संरक्षण, संगणकाचा वेग आणि वापरण्यातील सुलभता या तिन्हींना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. निरुपद्रवी फायलींना व्हायरस ठरवण्याच्या चुका त्यातील तिसऱ्या भागात मोजल्या जातात, आणि म्हापशाच्या बाईंनी तोच भाग आधी पाहावा असे मी सुचवीन. गंमत अशी की अहवाल बारकाईने वाचू लागल्यावर पहिल्या दहांतील फरक इतका किरकोळ दिसतो की निवड दुसऱ्याच गोष्टींवर येऊन ठेपते. मी दोन गोष्टी पाहिल्या. पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर दुसऱ्या वर्षी किती रक्कम आपोआप कापली जाणार, ही पहिली. दुसरी अशी की अँटीव्हायरसला आपल्या प्रत्येक फाईलवर आणि उघडलेल्या प्रत्येक पानावर नजर ठेवता येते, तेव्हा त्या माहितीचे तो करतो काय. ग्राहकांचा ब्राउझिंगचा तपशील विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, हे वाचल्यापासून फुकट म्हणून काही घेण्याची माझी इच्छा उरली नाही. शेवटी मी डिफेंडरवरच थांबले. वाचलेल्या पैशांतून बाहेरची हार्ड डिस्क घेतली.

मडगाव, सध्या बोटीवर

वर्षातील आठ महिने मी समुद्रावर असतो आणि घरचा लॅपटॉप आईवडील वापरतात. गेल्या वर्षी बाबांच्या पडद्यावर "तुमच्या संगणकात व्हायरस आहे" अशी भोंग्यासह सूचना आली, खाली फोन क्रमांक होता, आणि बाबांनी तो फिरवला. पलीकडच्या माणसाने संगणक दुरून चालवण्याचे सॉफ्टवेअर घालायला लावले आणि मग बँकेचे पान उघडायला सांगितले. तेवढ्यात शेजारच्या काकी दारात आल्या म्हणून पैसे वाचले. पैसे देऊन घेतलेला अँटीव्हायरस तेव्हा चालू होता आणि त्याने चकार शब्द काढला नाही, यात त्याचा दोष मी मानत नाही, कारण दुरून चालवण्याचे ते सॉफ्टवेअर कायदेशीरच होते आणि ते बाबांनी स्वतःच्या हातांनी घातले होते. सुट्टीवर आल्यावर मी दोन कामे केली. संगणकावरील बाबांचे खाते प्रशासकाचे अधिकार काढून साधे केले आणि प्रशासकाचा पासवर्ड बहिणीकडे दिला. शिवाय ब्राउझरमधील संकेतस्थळांच्या सूचना बंद केल्या. फ्रिजवर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांकही चिकटवला आहे.

कुडचडे, संगणक दुरुस्ती

माझ्याकडे येणाऱ्या "व्हायरस शिरलेल्या" संगणकांपैकी कित्येकांत व्हायरस नसतोच; असतात ते दोन अँटीव्हायरस, प्रत्येक फाईल उघडताना आपापली तपासणी करू पाहणारे आणि चार जीबी मेमरीत एकमेकांचा श्वास कोंडणारे. एकच ठेवावा, आणि जुना काढताना त्याच कंपनीने दिलेले काढून टाकण्याचे साधन वापरावे, नाहीतर त्याचे अवशेष मागे राहतात. दुसरे असे की अँटीव्हायरस विंडोजच्या सुरक्षेतील भोके बुजवत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम जगभर पसरला तेव्हा त्या भोकावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. त्यावर चालणाऱ्या संगणकासाठी महागडा अँटीव्हायरस मागणाऱ्या ग्राहकाला मी आधी विंडोजचे काय करायचे ते ठरवायला सांगतो.

साखळी

माझा अनुभव उशिरा लिहीत आहे, कारण तो अजूनही बोचतो. एका ईमेलमधील बिल समजून मी जोडलेली फाईल उघडली आणि सकाळपर्यंत सर्व छायाचित्रांच्या नावांपुढे एक अनोळखी शेपूट लागले होते आणि ती कुलूपबंद झाली होती. जवळच लिहून ठेवलेल्या चिठ्ठीत खंडणी मागितली होती. बाहेरची डिस्क होती, पण ती संगणकाला कायम जोडलेली असल्यामुळे तीही गेली. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांसह २०१६ मध्ये सुरू केलेल्या नो मोअर रॅन्सम या उपक्रमात काही रॅन्समवेअरांच्या, म्हणजे अशा खंडणीखोर प्रोग्रॅमांच्या, कुलुपांच्या किल्ल्या मोफत मिळतात. माझ्या प्रकारची किल्ली तिथे नव्हती. खंडणी दिली नाही. आता डिफेंडरच वापरतो, पण ठरावीक फोल्डरांत परक्या प्रोग्रॅमला लिहू न देण्याची त्यातील सोय, जी मुळात बंद असते, ती चालू केली आहे, आणि डिस्क महिन्यातून एका रविवारी जोडून लगेच काढून कपाटात ठेवतो. कुलूपबंद झालेल्या त्या फायली मी पुसलेल्या नाहीत. त्यांत आजीच्या शेवटच्या चतुर्थीची छायाचित्रे आहेत, आणि किल्ली आली का ते पाहायला मी अधूनमधून तिथे जातो.