स्क्रीनवर एक, मशीनवर भलतंच : एचएमआय-स्काडा बसवतानाचे अनुभव

मंडळी, मागच्या कमिशनिंगला (मशीन पहिल्यांदा चालू करून देताना) तीन दिवस गेले आणि त्यातला स्क्रीन काढण्यात अर्धा दिवससुद्धा गेला नव्हता, बाकी सगळा वेळ स्क्रीनवर दिसतंय ते खरंच मशीनवर आहे का हे बघण्यात गेला. मशीनवरचं पॅनेल (एचएमआय, म्हणजे मशीन चालवायचा स्क्रीन) असो नाहीतर पीसीवरचा स्काडा (मशीनांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर), सॉफ्टवेअर बसवताना तुमचं घोडं कुठे अडलं ते लिहा. मॅन्युअलमधलं नको, ते सगळ्यांकडे असतं.

मीच सुरू करतो. एनर्जी मीटर मॉडबसवर (उपकरणांनी एकमेकांशी बोलायची एक पद्धत) घ्यायचा होता. मीटरच्या पुस्तकात पत्ते ४०००१ पासून मोजलेले आणि आमचा ड्रायव्हर (मीटरशी बोलणारा सॉफ्टवेअरचा भाग) शून्यापासून मोजणारा, मी आपला ४०००१ ला ० ऐवजी १ टाकून मोकळा, त्यामुळे सगळं एक घर पुढे सरकलं. पण तीन फेजची व्होल्टेज ओळीने आणि त्यानंतर लगेच सरासरी, चारही आकडे जवळजवळ सारखेच, मग शंका कुणाला येणार? कस्टमरने सहज म्हणून आर फेजचा सेन्सिंग फ्यूज (ज्यातून मीटर व्होल्टेज मोजतो तो) काढला तर स्क्रीनवर आर ठणठणीत, वाय ठणठणीत आणि बी दोन तृतीयांशावर आलेली. ती बी नव्हतीच, सरासरी होती! तेव्हापासून प्रत्येक टॅग (मशीनवरून येणारा एकेक आकडा) एकेक करून हलवून बघतो, आकडा बरा दिसला म्हणून पुढे जात नाही.

*

वरच्या दादांचं एक घरच चुकलं, माझं अर्धं-अर्धं उलटं होतं. मॉडबसचं रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) १६ बिटांचं, फ्लोट (दशांशवाला आकडा) ३२ बिटांचा, म्हणजे दोन रजिस्टरं लागतात आणि त्यातलं आधी कुठलं हे जो तो आपल्या मर्जीने ठरवतो. फ्लोमीटर कधी शून्य दाखवायचा कधी इतका मोठा आकडा की बॉक्समध्ये मावेना. दोन दिवस केबल बघितली, शील्ड बघितली, दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर बघितले, आणि शेवटी निघाली ड्रायव्हरमधली 'वर्ड स्वॅप'ची एक टिक.

*

पिंग जातंय (म्हणजे नेटवर्कवर उपकरण उत्तर देतंय) पण व्हॅल्यू येत नाही, या प्रकारात माझी अख्खी रात्र गेलीये. पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) सीमेन्सचा एस-७ १२००, पॅनेल दुसऱ्या कंपनीचं. पीएलसीचा पत्ता रॅक ० स्लॉट १ बरोबर, पोर्ट १०२ उघडा, तरी सगळीकडे नुसते हॅश. चूक आमचीच, पीएलसीच्या प्रोटेक्शनमध्ये पुट-गेटची (बाहेरच्या उपकरणाने वाचायची-लिहायची) परवानगी द्यायची राहिली होती, ती दिली तर डेटा ब्लॉक (पीएलसीत आकडे ठेवायची जागा) 'ऑप्टिमाइझ्ड' ठेवलेला, म्हणजे त्यात ठरलेला पत्ताच नसतो, पॅनेल वाचणार काय कप्पाळ? ती टिक काढली, कंपाइल, डाउनलोड, चालू. फक्त एक लक्षात ठेवा, पुट-गेट उघडलं की नेटवर्कवरचा कुणीही लिहू शकतो, म्हणून आम्ही मशीनचं नेटवर्क ऑफिसपासून वेगळं केलं.

*

हे जरा लांबेल.

नवीन होतो तेव्हाची गोष्ट. कन्व्हेयरच्या जॉगचं (दाबून धरलं तेवढाच वेळ पट्टा चालवायचं) बटण टचस्क्रीनवर दिलं, दाबलं की बिट १, सोडलं की ०. टेबलावर झकास चालत होतं. साइटवर ऑपरेटरने जॉग दाबून धरलं आणि नेमकी त्याच क्षणी पॅनेलमागची इथरनेटची पिन सैल झाली (क्लिप तुटलेली होती, मीच 'नंतर बदलू' म्हणून ठेवलेली). त्याने बोट काढलं, स्क्रीनवर बटण सुटल्यासारखं दिसलं, पण ० लिहायचा निरोप पीएलसीपर्यंत पोचलाच नाही आणि पट्टा आपला चालूच. तो पुन्हा पुन्हा स्क्रीनवर स्टॉप दाबतोय, तोही त्याच तारेतून जाणार ना! शेवटी इमर्जन्सी स्टॉपचं लाल मशरूम दाबलं तेव्हा थांबलं, कारण ते थेट वायरिंगमध्ये होतं. कुणाला लागलं नाही, पण त्या रात्री मला झोप नाही.

आता पॅनेल दर सेकंदाला एक बिट उलटंपालटं करतं आणि तीन सेकंद ते हललं नाही तर पीएलसी स्वतःच सगळ्या कमांड पुसून टाकतो. आणि जॉगला खरंखुरं पुशबटण लावतो, त्यावर कुणी कितीही वाद घातला तरी.

*

जॉगवाला किस्सा वाचून घाम फुटला. आमच्याकडे उलटं झालेलं, टाकीची लेव्हल रात्रभर ६२ टक्के. शिफ्टवाले निवांत. सकाळी ट्रेंड (लेव्हलचा आलेख) उघडला तर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ, कम्युनिकेशन कधीच गेलं होतं आणि स्काडा शेवटचा आकडा धरून बसला होता. आता कनेक्शन गेलं की आकडा करडा होतो आणि त्यावर फुली येते.

*

जुन्या ओपीसी डीएवाले (स्काडाला पीएलसीचा डेटा पोचवायची जुनी पद्धत) कुणी आहेत का इथे? दोन पीसींमध्ये डीकॉमवर (विंडोजची दुसऱ्या पीसीवरच्या प्रोग्रॅमशी बोलायची सोय) वर्षानुवर्षं चाललेलं, २०२३ च्या मार्चमधल्या विंडोज अपडेटनंतर एकदम बंद. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १००३६ नंबरच्या एररची रांग. आधी रजिस्ट्रीतून ते कडक ऑथेंटिकेशन बंद करता यायचं, मार्चपासून ती पळवाटही गेली. मग त्याच्या नव्या पिढीवर, ओपीसी यूएवर आलो, पोर्ट ४८४०, आणि तिथे सर्टिफिकेट नाकारतंय. दोन्हीकडे ट्रस्ट केलं तरी नाही. पीसीच्या मदरबोर्डची बॅटरी मेलेली, घड्याळ काही वर्षं मागे, त्याच्या लेखी आमचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलं नव्हतं!

*

अलार्मबद्दल कुणीच लिहिलं नाही. आम्ही हौसेने प्रत्येक बिटाला अलार्म लावला. पंप थांबवला की लो फ्लो, लो प्रेशर, लो करंट, पंप नॉट रनिंग, सगळे एकदम. आठवड्याने गेलो तर हूटरच्या तोंडात चिंधी कोंबलेली. तेव्हा हसलो, पण १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवन रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते, हे कळल्यावर हसू गेलं. ईईएमयूए १९१ हे अलार्मबद्दलचं मार्गदर्शक पुस्तक म्हणतं सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा कमी अलार्म असावा. आता यादी घेऊन बसतो, हा वाजला तर ऑपरेटर नक्की काय करणार? उत्तर 'काही नाही' असेल तर तो अलार्म नाही, नुसती नोंद.

*

मी इंजिनियर नाही, ऑपरेटर आहे. तुम्ही सगळे पत्ते आणि पोर्ट लिहिताय, माझं दुखणं वेगळं. ग्लोव्ह घालून तुमची ती चिंचोक्याएवढी बटणं दाबून बघा एकदा. कीपॅड उघडला की ज्याचा आकडा टाकायचा तोच बॉक्स त्याच्याखाली झाकला जातो. एकदा १२.५ टाकायचं होतं, दशांश चिन्ह घेतच नव्हतं म्हणून अंदाजाने १२ टाकलं, पॅनेलने ते १.२ धरलं आणि माल गेला. बोलणी मी खाल्ली. टिंब आपोआप पडतं तर शेजारी तसं लिहा, कमीतकमी जास्तीतजास्त किती चालेल तेही लिहा. एवढं तर तुमच्या त्या ड्रायव्हरपेक्षा सोपं असेल ना?