प्रिन्स ऑफ पर्शियाचा रीमेक बुडाला, पण पुण्याच्या नावाने शिमगा किती दिवस?

कोथरूडकर_निंजा

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच व्हिडिओ गेम कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक कायमचा गुंडाळला. एकाच घोषणेत सहा गेम रद्द, सात लांबणीवर, वर स्टॉकहोमच्या स्टुडिओला कुलूप. आणि लगेच आपल्याकडे जुनी टेप वाजायला लागली: "पुण्यामुंबईला काम दिलं, तिथेच माती झाली."

जरा क्रम बघा. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला तेव्हा काम युबिसॉफ्ट पुणे आणि युबिसॉफ्ट मुंबईकडे होतं. ट्रेलरमधला राजकुमार निर्जीव दिसत होता, नाही कोण म्हणतंय? गेम जानेवारी २०२१ मध्ये यायचा होता, मग मार्चमध्ये, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये तो काढून माँट्रियलला दिला. २००३ चा मूळ गेम ज्यांनी बनवला तोच हा स्टुडिओ. त्यांच्या हातात साडेतीन वर्षांहून जास्त काळ होता, तरी गेम आला नाही. आणि खापर अजून पुण्याच्याच डोक्यावर?

२००३ चा गेम हा सरळ सरळ जुगार होता. त्याआधीचा १९९९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया ३डी' सपशेल आपटला होता. तरी एका नव्या कल्पनेवर पैसा लावला गेला: उडी चुकून राजकुमार दरीत कोसळला की बटण दाबून धरायचं आणि वेळच मागे न्यायची. तो उलट्या गिरक्या घेत वर येतो, पाय पुन्हा कठड्याला टेकतात, आणि खंजिरातली वाळू तेवढी एका कप्प्याने कमी होते. मालिका मेल्यात जमा होती तेव्हा हे करायची कंपनीची हिंमत होती. आज त्याच गेमला नवा रंग द्यायलाही जमत नाहीये. बिघाड कारागिरांच्या हातात आहे की ठराव पास करणाऱ्यांच्या डोक्यात, तुम्हीच सांगा. माझं मत दुसऱ्या पर्यायाला. कमी जोखमीत जास्त पैसा ओढायची हाव आणि कल्पनांचा दुष्काळ हे एकच दुखणं आहे.

हिशेबतपासनीस

पुण्याबद्दल सहमत. बाकी सगळ्याशी असहमत.

"हाव" हा शब्द फार स्वस्त झालाय. हावरट कंपनी निदान कमावते तरी. युबिसॉफ्टचा शेअर २०१८ मध्ये शंभर युरोच्या आसपास होता, आज दहाच्याही खाली आहे. ॲसॅसिन्स क्रीड, फार क्राय, रेनबो सिक्स या गेम-मालिकांच्या तिन्ही दुभत्या म्हशी वेगळ्या उपकंपनीत बांधून तिचा २५ टक्के हिस्सा टेन्सेंट या चिनी कंपनीला ११६ कोटी युरोंना विकायचं त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं. ही माजलेल्या कंपनीची लक्षणं आहेत का?

आणि नवीन देत नाहीत म्हणता? जानेवारी २०२४ मध्ये यांच्याच माँपेलिएच्या स्टुडिओने 'द लॉस्ट क्राउन' दिला. चपळ, बाजूने दिसणारा, कोड्यांनी भरलेला. त्यात एक सोय अशी की अडलेल्या जागेचा स्क्रीनशॉट नकाशावरच चिकटवता येतो, म्हणजे चार तासांनी "ते दार कुठे होतं बुवा" असं होत नाही. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. विक्री मात्र अपेक्षेपेक्षा कमी झाली आणि त्याच वर्षी टीम इतर कामांवर पांगवली. आपण "नवीन द्या" म्हणून बोंबलायचं आणि पैसे मात्र जुन्यावर लावायचे. धागाकर्ते, तुम्ही घेतला होतात का? खरं सांगा.

मुस्तफा_बॉस

मी घेतला. सेल लागल्यावर. आता मारा.

कोथरूडकर_निंजा

@हिशेबतपासनीस, घेतला होता, पूर्ण किमतीला. पण तो स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन दुकानात, आला कधी? ऑगस्टमध्ये! जानेवारीत पीसीवाल्यांना युबीच्या स्वतःच्या दुकानात नाहीतर एपिक या दुसऱ्या गेम कंपनीच्या दुकानात जावं लागत होतं. गिऱ्हाईक ज्या बाजारात रोज येतं तिथे गाळा न घेता माल आपल्या गोदामात ठेवायचा आणि मग म्हणायचं, लोकांना नवीन नको असतं. वाचवलं काय, तर स्टीमचं कमिशन.

हाव कशी दिसते तेही सांगतो. २०१८ चा 'ॲसॅसिन्स क्रीड ओडिसी', ६० डॉलरचा. पुढच्या मिशनला अमुक लेव्हल लागते, म्हणून तुम्ही बेटामागून बेट पालथं घालून तीच किरकोळ कामं करत बसता. तिकडे गेममधल्याच दुकानात १० डॉलरला कायमचा एक्सपी बूस्ट मांडलेला: एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, दीडपट मिळणार. आधी लांबण लावायची, मग ती उरकायचे पैसे मागायचे! आणि नाव काय, तर 'टाइम सेव्हर'.

न्यूजर्सीची_ताई

तुम्ही दोघेही 'द क्रू' विसरलात. युबीचाच २०१४ चा गाड्यांच्या शर्यतींचा गेम, अख्खी अमेरिका छोटी करून मांडलेली. एकट्याने खेळा नाहीतर चौघांनी, सर्व्हरला जोडल्याशिवाय तो सुरूच व्हायचा नाही. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, त्यानंतर लोकांच्या खात्यातले परवानेही काढून घेतले. डिस्क हातात, गेम गायब. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाकडच्या तिच्या नागरिक-याचिकेने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. इकडे अमेरिकेत खटलाही दाखल झाला. कंपनीचा बचाव काय, तर तुम्ही गेम विकत घेतलाच नव्हता, फक्त वापरायची मुभा घेतली होती.

हिशेबतपासनीस

ताई, नऊ वर्षांच्या वर सर्व्हर चालवले की त्यांनी. असल्या गेममध्ये गाड्यांच्या कंपन्यांचे परवाने असतात, ते संपतात. जन्मभर कोण चालवणार?

न्यूजर्सीची_ताई

जन्मभर चालवा असं मोहीमवालेही म्हणत नाहीत. दुकान बंद करताना विकलेला माल चालू राहील अशी तजवीज करा, एवढंच मागणं आहे. आणि अशक्य म्हणाल, तर बोंबाबोंब झाल्यावर 'द क्रू २'ला यांनीच २०२५ मध्ये ऑफलाइन खेळायची सोय दिली ना? ती पहिल्या भागाला का सुचली नाही?

पीप_कलाकार

मी मुंबईत एका आउटसोर्स आर्ट स्टुडिओत काम करतो. नाव सांगत नाही, युबी नव्हे.

माझं काम म्हणजे पिंपं आणि पिपं. परदेशातून फोल्डर येतो: लाकडी पीप, तीन प्रकार, त्यातलं एक फुटलेलं. सोबत संदर्भाचे फोटो, पॉलिगॉनची मर्यादा, लांबून दिसेल तेव्हाच्या हलक्या आवृत्त्या किती हव्यात ते. गेम कुठला हे बऱ्याचदा कळतही नाही, फक्त सांकेतिक नाव असतं. लोखंडी पट्टीवर गंज खिळ्यापासून चढेल की सांध्यापासून, यावर मी तासन् तास घालवतो. रिव्ह्यूमधून लाल गोल काढून परत येतं: "गंज जास्त झाला." खेळणारा त्या पिपाकडे ढुंकूनही बघत नाही, तलवार फिरवून ते फोडतो आणि पुढे पळतो.

खर्च असा फुगतो. २०२३ मध्ये सोनीचे कागद अमेरिकेतल्या कोर्टात गेले होते. आकड्यांवर काळा मार्कर फिरवलेला, पण स्कॅनमध्ये खालचं सगळं वाचता येत होतं. 'द लास्ट ऑफ अस २' या त्यांच्या एकाच गेमचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर! एवढी रक्कम अडकल्यावर कुठला साहेब म्हणेल की चला, काहीतरी अतरंगी करू? तेव्हा नुसती हाव म्हणू नका, भीतीही आहे. आणि ही भीती "ग्राफिक्स गेल्या वर्षीपेक्षा भारी पाहिजेत" म्हणणाऱ्या आपणच जोपासली.

पुण्याबद्दल एवढंच. तो स्टुडिओ युबीने २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून घेतला. वर्षानुवर्षं 'जस्ट डान्स' या नाचाच्या गेमसारखी, दुसऱ्यांनी आखलेली कामं केलेल्या टीमच्या गळ्यात एकदम लाखोंच्या लहानपणीचा लाडका गेम मारायचा आणि वर म्हणायचं, माती केली. पायऱ्याच ठेवल्या नव्हत्या हो मधे.

मुस्तफा_बॉस

मग मोठ्यांना सोडा, लहानांकडे बघा. 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपेडिशन ३३'. युबी सोडून आलेल्या माणसाने माँपेलिएतच काढलेला स्टुडिओ, तीसेक जणांची टीम, किंमत ५० डॉलर, आणि २०२५ चा गेम ऑफ द इयर घेऊन गेले. आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 'राजी' केलाच की. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवलेत. मला तर तो कुठल्याही महागड्या गेमपेक्षा जास्त आवडला.

पीप_कलाकार

तीस जणांचं कौतुक करताना क्रेडिट्स शेवटपर्यंत बघत जा. लढायांचं ॲनिमेशन कोरियातल्या बाहेरच्या टीमने केलंय, चाचणीला वेगळ्या कंपन्या आहेत. गेम झकासच आहे, वाद नाही. पण "तीस जणांत होतं" हे वाक्य उद्या माझ्या साहेबाच्या तोंडी आलं, तर माझीच नोकरी जाईल.

हिशेबतपासनीस

आणि 'राजी'ची दुसरी बाजूही सांगा. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, मोहीम फसली. पुढे एपिकने अनुदान दिलं आणि गेम २०२० मध्ये आला. म्हणजे आपण "भारतीय कथा हव्यात" म्हणणारे खिशात हात घालायला तयार नव्हतो, आणि मदतीला धावली ती अब्जावधींची कॉर्पोरेटच! शिवाय गेम पाच-सहा तासांत संपतो, लढाई जरा अडखळतच होते. मी स्वतः घेतला, खेळलो आणि मगच बोलतोय.

कोथरूडकर_निंजा

एपिकचा मुद्दा मान्य. उलट तो माझ्याच बाजूचा आहे. मोठ्या पैशातला चिमूटभर कल्पनेवर लावला तर काय उगवतं, ते त्यातून दिसतं. युबीलाही एकेकाळी हे जमत होतं. २०१४ मध्ये त्यांच्याच घरातल्या छोट्या टीमांनी 'चाइल्ड ऑफ लाइट' आणि 'व्हॅलियंट हार्ट्स' केले. पहिला जलरंगातल्या कवितेसारखा, दुसरा पहिल्या महायुद्धावरचा आणि डोळ्यांत पाणी आणणारा. आणि त्याच वर्षी, ११ नोव्हेंबरला, ॲसॅसिन्स क्रीडचे दोन भाग एकाच दिवशी बाजारात उतरवले: 'रोग' आणि 'युनिटी'. त्यातल्या 'युनिटी'मध्ये काही जणांना माणसांची तोंडंच दिसेनात, नुसते डोळे आणि दात हवेत तरंगत होते.

हिशेबतपासनीस

आणि या चारांत जास्त विकला गेला कुठला? डोळेदातवालाच ना?

कोथरूडकर_निंजा

तोच. मग माफी मागून त्याचा 'डेड किंग्ज' हा जोडभाग सगळ्यांना फुकट वाटला, सीझन पास (असल्या जोडभागांचं आगाऊ तिकीट) विकणं थांबवलं, पास घेतलेल्यांना वर एक आख्खा गेम फुकट दिला, आणि २०१६ मध्ये मालिकेचा मुख्य गेमच काढला नाही. हे सगळं वजा करून सांगताय ना, तपासनीस?