केमो चालू असताना चिनी काढा द्यावा का? बायकोसाठी विचारतोय

वडगावचा मागवाला:
वडगावात माझे दोन माग आहेत. बायकोला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता दर २१ दिवसांनी केमो. तीन झाल्या, तीन राहिल्यात. फोडणीचा वास आला की तिला उलटी होते. मी परड्यात स्टोव्ह मांडून भात शिजवायलोय, तर तोही वास खपेना.

मेहुण्यानं पणजीहून एका चिनी औषध देणाऱ्याकडनं सात पुड्या आणल्यात. वाळकी मुळं, पांढऱ्या चकत्या, कसलीतरी साल. मडक्यात आटवून काळा काढा प्यायचा, आणि राहिलेल्या केमो घ्यायच्या नाहीत म्हणे, त्यानं अंगातली ताकद जाते. सात पुड्यांचे चार हजार. वरची अक्षरं सगळी चिनी. मेहुणा म्हणतो, हजारो वर्षांचं शास्त्र आहे. आई म्हणते, म्हशीलासुद्धा आपण ओळखीचाच पाला घालतो. मला दोघांचं पटतंय, तीच पंचाईत.

हिंडलगेकर:
द्या ओ बिनधास्त. झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतोय. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला गेले ते उगीच काय?

निपाणीचा औषधवाला:
कोटणीसांना मधे आणू नका. १९३८ ला ते गेले ते मुंबईत डॉक्टरकी शिकून, आणि तिथं जखमी सैनिकांची ऑपरेशनं केली. १९४२ ला तिथंच वारले. काढे शिकायला नव्हते गेले.

मागवाले, तीस वर्षं औषधाचं दुकान चालवतोय, म्हणून चार ओळी जास्त लिहितो. चिनी औषध म्हणजे सगळं थोतांड, असं मी म्हणणार नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तिकडच्याच वनस्पतीतून आलं. तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी चौथ्या शतकातल्या ग्रंथात वाचलं की मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा. उकळावा असं त्यात नव्हतं. बाईंच्या लक्षात आलं, उष्णतेनंच गुण जात असणार. मग त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला. २०१५ ला नोबेल मिळालं. आणि आपला सोमल, म्हणजे आर्सेनिक, तोच विषारी! चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी तो एका जातीच्या रक्ताच्या कॅन्सरवर वापरला, आज जगभर वापरतात. पण एकाच जातीवर, शिरेतून, मोजून, हृदयाचा ईसीजी बघत बघत. दोन्ही वेळा औषध लागू पडलं ते त्यातला नेमका पदार्थ वेगळा काढून, तपासून. तुमच्या पुडीत काय आहे, ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

बेल्जियममधल्या ब्रसेल्सची गोष्ट सांगतो. १९९० च्या सुमारास तिथं वजन उतरवायला बायकांना चिनी वनस्पतीच्या कॅप्सूल देत होते. चिनीत दोन मुळांची नावं सारखी, एकाच्या जागी दुसरं आलं. शंभरावर बायकांच्या किडन्या बिघडल्या, कित्येकींना डायलिसिस लागलं, पुढं काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. ते दुसरं मूळ आपल्या सापसंदीच्याच कुळातलं. खानापूरच्या रानात सापसंद वेलीवर लोंबते, साप चावला की उगाळून देणारी म्हातारी माणसं मी बघितलीत. तेव्हा चिनी आणि आपलं असा भेद त्या विषाला नाही.

केमोत लिव्हर-किडनीवर आधीच बोजा असतो. पुड्या घेऊन डॉक्टरांपुढं ठेवा, लाजू नका. केमो मात्र चुकवू नका ओ.

खानापूरची अक्का:
भाऊ, उलटीचं मी सांगते. माझ्या केमोच्या वेळी मला हात दाबायला शिकवलं होतं. मनगटाच्या घडीपासून तिच्याच हाताची तीन बोटं कोपराकडं मोजायची, आतल्या बाजूला दोरीसारख्या दोन ताठ शिरा लागतात त्यांच्या मधे अंगठ्यानं दाबून धरायचं. चिनी लोक त्या जागेला नेइग्वान म्हणतात. केमोच्या मळमळीवर तिथल्या सुईचा उपयोग होतो, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनं १९९७ लाच म्हटलंय. पण गाठ त्यानं जात नाही हं, आणि उलटीच्या गोळ्याही सोडायच्या नाहीत. सुया टोचून घेणार असाल तर आधी प्लेटलेट किती ते विचारा. पेशी कमी असताना टोचलं तर रक्त थांबत नाही, वर जंतू जायचं भ्या. मी नुसतं दाबतच होते. भात गार करून द्या, गाराला वास कमी येतो.

वडगावचा मागवाला:
काल पुड्या घेऊन गेलो होतो. डॉक्टर ओरडतील वाटलेलं. त्यांनी एक चकती हातात घेऊन उलटीपालटी केली, म्हणाले, ओळखत नाही, म्हणूनच नको. उलटीची गोळी बदलून दिली. चौथी केमो गुरुवारी.

घरी येऊन बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढी गावभर चौकशी केलीत, मला विचारलं काय कुणी? तो काढा मी पिणारच नव्हते. मी गप्प. आता टीव्ही बघताना स्वतःच मनगट दाबत बसते. काल गार दहीभात वाटीभर गेला.

मेहुणा रुसलाय. पुड्या अजून माळ्यावर आहेत, चार हजाराचा माल टाकवेना.