१९४० चा अपराजित स्टॅनफर्ड: श्रेय टी-फॉर्मेशनचं की खेळाडूंचं?

दहा_यार्ड (मूळ धागा)

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली, अमेरिका युद्धात उतरण्याआधीची गोष्ट. १९३९ मध्ये स्टॅनफर्डने नऊपैकी एकच सामना जिंकला, सात हरले, एक बरोबरीत सुटला. १९४० मध्ये शिकागो विद्यापीठातून क्लार्क शॉनेसी प्रशिक्षक म्हणून आले आणि संघाने दहाच्या दहा सामने जिंकले. शेवटचा १ जानेवारी १९४१ चा रोझ बोल, म्हणजे हंगामानंतरचा मानाचा सामना, नेब्रास्कावर २१-१३. फ्रँकी अल्बर्ट, नॉर्म स्टँडली, ह्यू गॅलर्नो आणि पीट क्मेटोविच हे मागच्या फळीतले चौघे हरणाऱ्या संघातही होते. मग बदललं काय? माझ्या मते फक्त मांडणी, म्हणजे शॉनेसींचं टी-फॉर्मेशन (मागचे चौघे इंग्रजी T च्या आकारात).

तेव्हा बहुतेक संघ सिंगल विंग ही मांडणी खेळत. त्यात सेंटर (पुढच्या फळीतला मधला खेळाडू) दोन पायांमधून मागे बघून चार-पाच यार्ड मागच्या टेलबॅककडे (मागच्या फळीतला मुख्य खेळाडू) चेंडू फेकतो. पुढची फळी एका बाजूला जड असते, दोघे मिळून एकाला ढकलतात, गार्ड (सेंटरच्या शेजारचा) बाहेर धावत येऊन वाट करून देतो. ताकदीचा खेळ, पण वाट उघडायला वेळ लागतो. टेलबॅकला धावणं, पास, किक सगळंच जमावं लागतं. अल्बर्ट अंगाने लहान, धावण्यात बेताचा, म्हणून त्या जागी तो वाया जात होता. शॉनेसींनी टी मध्ये त्याला क्वार्टरबॅक म्हणून थेट सेंटरच्या मागे उभं केलं. चेंडू हातात येताच वळायचं, एकाला द्यायचा किंवा दिल्यासारखं करून लपवायचा. त्याचे हात आणि डोकं याच कामाचे होते.

बचावफळी

असहमत. "फक्त मांडणी" हे टोकाचं आहे. सेंटर व्हिक लिंडस्कॉग आणि गार्ड चक टेलर १९३९ च्या संघात नव्हते, आणि चेंडू निघतो तो सेंटरच्या हातून.

गुणही बघा. दहा सामन्यांत १९६ केले, ८५ दिले. सांता क्लाराविरुद्ध ७-६, कॅलिफोर्नियाविरुद्ध १३-७. प्रतिस्पर्ध्याला चक्रावून टाकणाऱ्या यंत्राचे हे आकडे नव्हेत, चिवट बचावाचे आहेत. तेव्हाच्या नियमाने बाहेर गेलेला खेळाडू त्याच क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी एकात) परत येऊ शकत नसे, त्यामुळे तेच अकरा जण आक्रमण आणि बचाव दोन्ही खेळत. बचावात टी-फॉर्मेशन काय मदत करणार?

त्याच वर्षी बर्नी बियरमन यांचा मिनेसोटा सिंगल विंग खेळून आठही सामने जिंकला आणि एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पहिला आला. स्टॅनफर्ड दुसरा.

सेंटर_स्नॅप

दोघांनीही तंत्राचा अवघड भाग सोडलाय. नवी मांडणी कागदावर सोपी असते, मैदानावर पहिल्या आठवड्यात चेंडू पडतच राहतो. सेंटर न बघता चेंडू वर देतो, देताना तो साधारण पाव वळसा फिरवतो, म्हणजे शिवण क्वार्टरबॅकच्या बोटांखाली येते. क्वार्टरबॅकने पाऊल आधी उचललं की हात मागे सरकतात आणि चेंडू जमिनीवर. म्हणून आधी हात घट्ट, मग पाऊल, हे घोटून घ्यावं लागतं.

पण फायदा मोठा. सेंटरला मागे बघायचं नसल्याने तो मान वर ठेवून लगेच समोरच्याला अडवू शकतो. हाफबॅक (मागच्या फळीतला धावणारा) चार यार्डांवरून स्नॅपबरोबर, म्हणजे सेंटरने चेंडू देताच, सुटतो आणि पूर्ण वेगात फळीवर पोचतो. अडवणाऱ्याला समोरच्याला क्षणभर रोखलं तरी पुरतं. शिवाय फळी दोन्ही बाजूंना समान, त्यामुळे बचावाला जड बाजू ओळखता येत नाही. त्यात एक हाफबॅक स्नॅपआधीच आडवा धावू लागतो, बचाव त्याच्याबरोबर सरकतो आणि चेंडू उलट्या बाजूने जातो.

एक अडचण मात्र होती. कॉलेजच्या नियमात १९४५ पर्यंत पास फळीच्या किमान पाच यार्ड मागूनच टाकावा लागे. व्यावसायिकांना १९३३ पासून सूट होती. त्यामुळे अल्बर्टला वळून, फसवून, वर मागेही धावावं लागे, आणि धावताना पाठ बचावाकडे. हे साधणारा खेळाडू नसेल तर ही मांडणी कॉलेजात चालली नसती. म्हणून मी मधे उभा आहे, पण जरा बचावफळी यांच्याकडे झुकलेला.

बचावफळी

आभार. रोझ बोलमध्येच बघा ना. तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्टॅनफर्ड नेब्रास्काच्या एक यार्डाच्या रेषेपर्यंत पोचला आणि अडला. टी-फॉर्मेशनचं दुखणं हेच. गोलरेषेजवळ बचावाला मागे राखायला मैदानच उरत नाही, सगळे फटी बुजवून बसतात आणि क्षणभराची अडवणूक पुरत नाही. तिथे दोघांनी एकाला ढकलणंच कामी येतं. निर्णायक टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं) आलं ते क्मेटोविचने पंट (लाथेने लांब मारलेला चेंडू) पकडून ३९ यार्ड परत आणला तेव्हा.

दहा_यार्ड

पण तो पंट आपल्याच एंडझोनमधून (गोलरेषेमागच्या पट्ट्यातून) मारायची वेळ नेब्रास्कावर कशाने आली? त्यांना तिथे कोंडलं याच मांडणीने! आणि आघाडी घेऊन देणारा अल्बर्टचा गॅलर्नोला ४० यार्डांचा पास विसरलात. ८ डिसेंबर १९४० ला शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने वॉशिंग्टनच्या संघाला ७३-० असं चिरडलं तेही टी खेळून, आणि त्या तयारीत शॉनेसींचा हात होता. दोन वेगळे संघ, मांडणी एक.

बचावफळी

प्रशिक्षकच कारण असता तर १९३९ मध्ये त्यांचाच शिकागो मिशिगनकडून ८५-० हरला नसता.

दहा_यार्ड

ती तुलना अन्यायाची आहे. शिकागो विद्यापीठाने तो हंगाम संपताच फुटबॉलच बंद केलं. खेळाडूच नसलेल्या संघावरून मांडणी जोखता येत नाही.

बचावफळी

खेळाडूंशिवाय मांडणी जोखता येत नाही, मीही तेच म्हणतोय. १९४१ घ्या. तेच शॉनेसी, तोच टी, अल्बर्ट आणि क्मेटोविचही होते. गेले होते स्टँडली आणि गॅलर्नो, बेअर्सकडे. निकाल: सहा विजय, तीन पराभव.

सेंटर_स्नॅप

त्या तीनपैकी एक ओरेगन स्टेटने १०-० असा दिला, म्हणजे स्टॅनफर्डला एकही गुण नाही. पण त्यात दुसरीही बाजू आहे. १९४० मध्ये प्रतिस्पर्ध्यांना हे पाहायलाच मिळालं नव्हतं. १९४१ पर्यंत वर्षभर अभ्यास झाला होता. स्टँडली नसल्यामुळे किती आणि नवलाई संपल्यामुळे किती, हे वेगळं करायचं तर स्टँडली नसतानाचा १९४० चा एखादा सामना डावानुसार तपासावा लागेल. आणि पुढे १९४२ मध्ये फ्रँक लेही यांनी नोत्र दामला सिंगल विंगसारखी जुनी चाल सोडून टी आणला, १९४३ मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला, तेही दहा_यार्ड यांच्या बाजूने मोजायला हवं.