अनुभव धागा: अपघाताच्या रिपोर्टमध्ये 'कारण' काय लिहिलंत?

मकरपुरा, नंदेसरी, वाघोडिया... बडोद्यातल्या मराठी घरांत कारखान्यातला एखादा सुपरवायझर सापडतोच. अपघात झाला की जखमी दवाखान्यात, साहेब फोनवर आणि कोरा फॉर्म आपल्या हातात. 'कारण' या रकान्यात काय लिहिलंत, आणि काय लिहायला सांगितलं? कंपनीचं नाव नको.

रावपुरेकर
प्रेस शॉप. पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायचं मशीन) एकाचं बोट गेलं. मी पोचलो तर एक पोरगा रक्त धुवायला पाण्याचा पाइप घेऊन उभा. आधी त्याला थांबवलं, मेन स्विच बंद करून कुलूप घातलं, फोटो काढले. ही प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच चालायला हवी. डावं बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून ठेवलेलं! एक बटण दाबलेलंच राहिलं तर प्रेस अडायला हवी, ती सोय कंट्रोलमध्ये नव्हतीच.

एचआरचा मसुदा तयार होता: 'कामगाराचा निष्काळजीपणा'. मी सही केली नाही. ट्यूब बांधायची वेळ का आली? तर पत्रा एका हाताने धरल्याशिवाय जागेवर राहत नव्हता. शेजारच्या प्रेसवरही तशीच पट्टी निघाली. मग दोष एकट्याचा कसा? दोन्ही मशिनं रिपोर्टमध्ये घातली, पत्रा धरायला फिक्स्चर आणि नवं कंट्रोल मागितलं. फिक्स्चर लवकर आलं, कंट्रोलला बरंच भांडावं लागलं. (एचआरवाले अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. चालायचंच.)

जुना फोरमन
रावपुरेकर, सहीवर अडलात ते बरं केलंत. आमच्या वेळी वेगळाच खेळ चालायचा. फॅक्टरी ॲक्टच्या कलम 88 प्रमाणे माणूस 48 तास कामावर येऊ शकला नाही की इन्स्पेक्टरला कळवावं लागे. म्हणून प्लॅस्टर घातलेल्याला दुसऱ्याच दिवशी रिक्षाने आणून टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवायचे. हजेरी लागली, अपघात गायब! टाकेही खासगीत घालायचे, म्हणजे ईएसआयला (कामगारांच्या सरकारी विम्याला) पत्ता नाही. कामगार त्या दिवशी खूश. पुढे बोट वाकेनासं झालं की हातात कागद नाही. अपघात वहीत नोंद आणि फॉर्म 12 (ईएसआयला द्यायचा अपघाताचा रिपोर्ट) वेळेवर गेला असता, तर कामावर येता येत नाही तोवर ईएसआयकडून पगाराच्या 90 टक्के मिळाले असते. पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

नंदेसरीची शिफ्ट इंजिनियर
टोल्युइन हे सॉल्व्हंट (द्रावक) उतरवताना होज (रबरी पाइप) फुटला, एकाचे डोळे थोडक्यात वाचले. सगळे म्हणाले, क्लॅम्प ढिला होता. होज तोवर भंगारात. मी तो शोधून काढला: कपलिंगपासून वीतभर अंतरावर चिरलेला, आतलं रबर फुगून मऊ पडलेलं. पाण्याचा साधा होज सॉल्व्हंटला लावला होता. क्लॅम्प व्यवस्थित होता. तेव्हापासून तुटलेली वस्तू चिठ्ठी लावून माझ्या कपाटात जाते, भंगारवाल्याकडे नाही. आणि साक्षीदारांना एकेकटं विचारते, तेही त्यांच्याच हिंदीत. घोळक्यात सगळ्यांचं उत्तर एकच येतं.

मांजलपूरकर
माझं प्रकरण गेटबाहेरचं. उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आदल्या दिवशी सेकंड शिफ्टला येताना आमच्या एका ऑपरेटरचा गळा मांजाने कापला. जिवावर बेतलं होतं, वाचला. 2010 च्या दुरुस्तीनंतर ईएसआयमध्ये कामावर जाता-येतानाचा अपघातही धरतात, पण अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा कामाशी संबंध दाखवावा लागतो. मी शिफ्टचा तक्ता, घर ते कंपनी नेहमीचा रस्ता आणि मागच्या बाइकवरच्या सहकाऱ्याचा जबाब जोडला. मॅनेजर म्हणतात, 'रस्त्यावरचं आपल्या वहीत कशाला?' असा दावा शेवटपर्यंत नेलेलं इथे कुणी आहे का? पोलिसांतल्या नोंदीवाचून चाललं का, एवढं सांगा.