धार्मिक आणि आध्यात्मिक

'मी धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे' असं हल्ली बरेच जण म्हणतात. या दोन शब्दांत नेमका फरक काय? देव मानतो तो धार्मिक, न मानता शांतपणे बसतो तो आध्यात्मिक, असं धरायचं का?

— देवाची कसोटी इथे चालत नाही. जैन मतात जगाचा कर्ता असा ईश्वर नाही, तरी व्रतं काटेकोर पाळणाऱ्या जैनाला आपण धार्मिकच म्हणतो. 'धार्मिक' शब्दासाठी पाणिनीचं सूत्रच आहे, 'धर्मं चरति' (४.४.४१). धर्म आचरतो तो धार्मिक. सगळा भर 'चरति'वर. आचरण दिसलं की झालं. मनात काय चाललंय याची विचारपूस हा शब्द करत नाही.

'अध्यात्म' म्हणजे अधि + आत्मन्, स्वतःच्या ठायी असलेलं. केनोपनिषदात विजेचा दाखला 'अधिदैवत' आहे आणि लगेच पुढे मनाचा दाखला 'अध्यात्म'. म्हणजे बाहेरचं ते एक, आतलं ते दुसरं. आध्यात्मिक, आधिभौतिक, आधिदैविक हे त्रिकूट यातूनच आलं. यात 'धार्मिक' कुठेच नाही! आज ज्या दोघांची आपण झुंज लावतो, ते मुळात एका आखाड्यातले नव्हेतच.

गंमत म्हणजे त्रिविध तापांतल्या, म्हणजे याच तीन नावांच्या दुःखांतल्या, आध्यात्मिक तापात शरीराची दुखणीही येतात. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात या तापाखाली चक्क खरूज आणि गोवर आहेत. आज कुणाला 'मला आध्यात्मिक त्रास आहे' म्हणून खरूज दाखवली, तर तो काय म्हणेल?

— व्युत्पत्ती ठीक, पण आजचा वापर पाहा ना. धार्मिक भावना दुखावतात, धार्मिक तेढ वाढते. आध्यात्मिक भावना दुखावल्याची तक्रार कुणी केलेली ऐकली आहे? धार्मिकला समूह लागतो, आध्यात्मिकला एकटा माणूस पुरतो.

— तेढीचा मुद्दा पटला. 'एकटा पुरतो' याबद्दल मात्र शंका आहे. गुरू, शिष्य, साधक, संप्रदाय ही सगळी माणसं जमवणारीच मंडळी.

— एक भाबडा प्रश्न. शेजारधर्म पाळणाऱ्याला धार्मिक का म्हणत नाहीत? धातूचे गुणधर्म असतात, पण तांबं धार्मिक नसतं.

— प्रश्न भाबडा नाही. 'धर्म' मराठीत अजून ऐसपैस आहे: कर्तव्य, स्वभाव, दान, पंथ, सगळंच त्यात मावतं. त्याचं विशेषण मात्र आकसून पूजाअर्चा आणि पंथापुरतं उरलं. त्यामुळे कुणी 'मी धार्मिक नाही' म्हटलं तर तो फक्त विधी नाकारत असतो, शेजारधर्म नव्हे.

आणि माझ्या कानाला 'तो आध्यात्मिक आहे' अजूनही भाषांतरासारखं वाटतं. ग्रंथ, चर्चा, साधना आध्यात्मिक. माणसाला 'अध्यात्माची ओढ' असते. माणसासाठी आपल्याकडे भाविक, श्रद्धाळू, देवभोळा, कर्मठ, विरक्त असे बारीक छटांचे शब्द पडून आहेत. भाविक माणूस कर्मठ असेलच असं नाही, आणि कर्मठ माणसात भाव असेलच असंही नाही. 'धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे' म्हणणाऱ्या बहुतेकांना 'मी भाविक आहे, कर्मठ नाही' एवढंच म्हणायचं असावं.

जाता जाता: 'अध्यात्मिक' चूक. धर्मचं जसं धार्मिक, तसंच अध्यात्मचं आध्यात्मिक; पहिल्या 'अ'चा 'आ' होतोच.